तिसरं मांजर

शिवणकाकूंचं खरं नाव इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे राहायला गेली, आणि काकू दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत लोकांच्या पँटी आखूड करत राहिल्या. सोबतीला तीन मांजरं: डोळे गेलेली म्हातारी, तीन पायांचा लंगड्या आणि दोन वर्षांची पिंगी. काकू मशीनवर बसल्या की पिंगी मांडीवर येऊन झोपायची.

जिन्यातल्या घाणीवरून वर्षभर कुजबुज होती, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येईना. शेवटी तळमजल्यावरच्या सुताराने तक्रार केली आणि पालिकेचा माणूस आला. एका घरात दोनच मांजरं, त्यांची नोंदणी, लस आणि नसबंदी. तिसऱ्याची महिनाभरात दुसरीकडे सोय करायची, असं त्याने शांतपणे सांगितलं. त्याने विचारल्यावर काकूंनी आकडा लपवला नाही. मुलगी नंतर चिडली. एकाला घटकाभर न्हाणीत कोंडलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणाली. जन्मभर टेप लावून खरं माप सांगितलं, आता खोटं कसं सांगू, एवढंच काकू बोलल्या.

"मग म्हातारीला प्राण्यांच्या आश्रमात दे. तिचे दिवस राहिलेत किती?"

"म्हणून तर नाही," काकू म्हणाल्या. "आंधळीला तिथून घरी कोण नेणार? पिंगीला कुणीही घेईल."

आणि घेतलंच, मागच्या गल्लीतल्या औषधवाल्याने. दुकानामागेच त्याचं घर. खिडक्यांना जाळी आहे का, हे काकूंनी हात लावून पाहिलं, लसीचं कार्ड दिलं, मालक बदलल्याच्या अर्जावर सही केली. घरी येऊन एकामागून एक सात पँटी शिवल्या. जेवण तसंच झाकून ठेवलं.

अडीच महिन्यांत म्हातारी गेली. तिचं नाव कमी करायला काकू पालिकेत गेल्या. खिडकीतल्या बाईने शिक्का मारला आणि आपुलकीने सांगितलं, आता तुम्हाला आणखी एक ठेवता येईल. काकू तिथून तडक औषधवाल्याकडे गेल्या.

त्याची आई कंबर मोडून अंथरुणाला खिळली होती. पिंगी तिच्या पोटाशी झोपली होती, आणि आईचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता.

औषधवाला समजला. "हवी असेल तर न्या, काकू." बोलताना तो आईकडेच बघत होता.

"छे. मी गुडघ्याला लावायचं मलम घ्यायला आले होते," काकू म्हणाल्या.

मलम घेऊन त्या घरी आल्या. म्हातारीची वाटी धुऊन फळीवर पालथी घातली. लंगड्याला जवळ घेऊन पाहिलं, पण तो मांडीवर टिकला नाही.