फ्रीज चालू आहे

लालबागच्या एका गॅरेजमध्ये मी वायरमन होतो. तिथे एक विलायती गाडी दुरुस्तीला यायची. मुळात ते चाकांवरचं घर होतं. आत दोन बाक, ते ओढले की बिछाना व्हायचा. भांडी धुवायला छोटी मोरी आणि कोपऱ्यात कमरेएवढा फ्रीज. कुणी साहेब मायदेशी जाताना ती गाडी एका धर्मादाय संस्थेला देऊन गेला आणि संस्थेने तिचा फिरता दवाखाना केला. फ्रीजमध्ये देवीची लस ठेवायचे. गाडी चाळीपुढे उभी राहिली की बायका पोरांना काखोटीला मारून रांग लावायच्या.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आज हरताळ, उद्या संचारबंदी. गोळीबार झाला तेव्हापासून गाडी संस्थेच्या परळच्या आवारातून हललीच नव्हती. गडबड जरा निवली तेव्हा ड्रायव्हर मला बोलवायला आला.

"मिस्त्री, फ्रीज गार लागत नाही. आतला दिवा तर पेटतोय."

त्या फ्रीजला मोटर नव्हती. मागच्या बाजूला एक कॉइल तापायची आणि त्या उष्णतेवर आतला गॅस फिरून गारवा धरायचा. त्यामुळे चालू असला तरी गप्प, बंद असला तरी गप्प. गाडी उभी असताना आवारातल्या प्लगवरून वीज, चालताना बॅटरीवरून. मध्ये एक बदलायचा स्विच. दिवा मात्र कायम बॅटरीवरच. म्हणजे दिवा पेटतो यावरून काहीच कळत नाही. हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

गाडी तिरकी असली तरी असले फ्रीज रुसतात, म्हणून आधी चाकाखाली फळी सारून ती सपाट केली. फरक नाही. मग होल्डरमधला बल्ब आणि दोन वायरी घेऊन एकेक ठिकाण बघत गेलो. भिंतीच्या प्लगला लावला, पेटला. गाडीत वीज शिरते तिथे लावला, पेटला. फ्यूज शाबूत. स्विचच्या अलीकडे पेटला, पलीकडे नाही. स्विच उघडला. एक स्क्रू गाडीच्या हादऱ्यांनी सैल झाला होता आणि त्याखालचा पितळेचा तुकडा जळून काळा पडला होता. नवा स्विच बसवला. थोड्या वेळाने मागच्या नळीला हात लावला, चटका बसला. काम झालं होतं.

हत्यारं आवरताना बर्फाचा ट्रे बाहेर काढला. तो कोरडा होता. तळाशी पाणी आटल्याची पांढरी रेघ. एका दिवसात ट्रे आटत नाही. आठ दिवस म्हणा, दहा म्हणा. आणि खालच्या कप्प्यात लसीच्या बारीक काचेच्या नळ्यांची पेटी तशीच होती. तेवढे दिवस ती त्या तापलेल्या पत्र्याच्या गाडीत शिजत होती.

मी संस्थेच्या चिटणीस साहेबांकडे गेलो आणि ट्रे त्यांच्या टेबलावर ठेवला. ते सभ्य गृहस्थ होते. रागावले नाहीत.

"आता चालू झाला ना?"

"झाला साहेब. पण आतली लस..."

"वायरमन, तू डॉक्टर आहेस का?"

"नाही साहेब."

"ही टाकली तर दुसरी यायला पंधरा दिवस. तोवर पुन्हा हरताळ झाला तर आणखी पंधरा. गावात देवीच्या केसेस निघताहेत. लोकांना काय सांगू, घरी जा म्हणून? थोडी गरम झाली म्हणून लस काही मरत नाही." मग कागद पुढे सरकवला. "लिही, फ्रीज तपासला. चालू आहे. खाली सही कर. गाडीवरचे डॉक्टर विचारतात."

संस्थेच्या आणखी दोन गाड्यांचं काम आमच्या गॅरेजला मिळायचं होतं आणि ते मिळालं तर मला कायम करू, असा मालकाचा शब्द होता. मी लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं. फ्रीज चालूच होता.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "गाडी परवा आपल्या चाळीपुढे येईल. पोरीला तिथे नेऊ नकोस. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात ने."

"का हो?"

"सांगतो तेवढं कर."

शेजारच्या खोलीत मालवणकडचं बिऱ्हाड होतं. त्यांची मुलगी आमच्या मुलीपेक्षा तीन महिन्यांनी मोठी. दोघी एकाच गॅलरीत रांगायच्या. गाडी आली त्या सकाळी शेजारीण दारात आली. "चला वहिनी, दोघींच्या देवी काढून घेऊ." बायको म्हणाली, "हिला कणकण आहे, तुम्ही व्हा पुढे." मी आत दाढी करत होतो. तोंडाला साबण होता. तेवढं कारण मला पुरलं.

आमच्या पोरीच्या दंडावर आठवड्यात फोड धरला, खपली पडली, डाग राहिला. शेजारणीच्या पोरीला ओरखडा तेवढा दिसला आणि मिटला. एकदा नळावर तिने मला विचारलं, "भावोजी, हिच्या दंडावर काही उठलंच नाही. असं का?"

"होतं कधीकधी," मी म्हणालो. पुन्हा टोचून घ्या, एवढंसुद्धा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

दोन महिन्यांनी त्या पोरीला देवी आल्या. साथीच्या इस्पितळात महिनाभर होती. वाचली. चेहरा वणांनी भरला आणि डाव्या डोळ्यात फूल पडून तो गेला. चाळीत आणखी दोघांना आल्या, त्यातला एक मुलगा गेला. त्याला देवी कुठे काढल्या होत्या ते मी विचारलं नाही.

मग मात्र मी चिटणीस साहेबांकडे गेलो. ज्यांना त्या पेटीतली लस टोचली त्यांना पुन्हा टोचून घ्यायला सांगा, म्हणालो. त्यांनी फाईल उघडली, माझा कागद काढला आणि शांतपणे विचारलं, "ही सही कुणाची?"

मी परत आलो. त्या दोन गाड्यांचं काम आमच्या गॅरेजला मिळालं. मी कायम झालो.

मुंबईसह राज्य झालं तेव्हा चाळीवर रोषणाई करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. गॅलरीत वायर ओढत होतो. शेजारीण पेढे घेऊन आली. पोरगी तिच्या पदराआडून एका डोळ्याने रंगीत बल्ब बघत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, शिडीवरून उतरलो आणि तिथेच सगळं सांगून टाकलं. ट्रे, पेटी, सही.

तिने ऐकून घेतलं. एकच विचारलं, "म्हणजे वहिनींनी कणकण सांगितली, ती..."

"नव्हती," मी म्हणालो.

तिने पेढ्यांची बशी पदराखाली घेतली, पोरीचं मनगट धरलं आणि खोलीत गेली. नंतर महिनाभर आमच्याशी बोलली नाही आणि मग ते बिऱ्हाड तिच्या भावाकडे शीवला निघून गेलं. सामान न्यायला मी हात लावायला गेलो तर तिच्या नवऱ्याने मला नुसतं बाजूला केलं.

"कशाला सांगितलंत?" बायकोने विचारलं. कितीतरी दिवस विचारत होती. सांगून त्यांचं काही भलं झालं नव्हतं. माझं ओझं उतरेल म्हणून सांगितलं होतं, आणि ते तर मुळीच उतरलं नाही.