मिस्टर स्पीकर, मुक्काम देवणी

किस्से कुणी जमवत नाही. गफूरच्या दुकानात जुन्या वायरी साठतात तसे ते साठतात. एक ओढायला जावं, तर चार गाठींसकट बाहेर येतात.

देवणीत गफूरचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लातूरचा डॉक्टरकीचा क्लास अर्ध्यात सोडून आल्यापासून मी तिथंच पडीक. घरी बाप माझ्याशी बोलत नाही. एक शब्द नाही! आमच्याकडच्या बापांना पोरगा डॉक्टर झाला तरच दिसतो.

* * *

दुरुस्त केलेला स्पीकरचा बॉक्स तपासायला गफूरनं मोबाइलवर ‘स्पीकर’ शोधलं, आणि लागली थेट कॅनडाची संसद. एक पांढऱ्या केसांचा खासदार उभा. दर वाक्याला, “मिस्टर स्पीकर, मिस्टर स्पीकर...”

गफूर हरखलाच. “देख रे, अपनेच धंदे का आदमी हय!”

त्या दिवसापासून टेस्टिंगला गाणी बंद, भाषणं सुरू. खासदाराचं नाव आम्ही ठेवलं बर्फाळेसाहेब.

* * *

बर्फाळेसाहेबांचं मागणं कायम एकच: आमच्या तळ्यावर पूल बांधा. हिवाळ्यात लोक गोठलेल्या तळ्यावरून चालत जातात. बर्फ पातळ झाला की दोन्ही काठांची माणसं नुसती एकमेकांकडं बघत राहतात.

आमचा शिवा कॅनडाला जायचं म्हणून इंग्रजी शिकत होता, तो मराठी करून सांगायचा. बाहेर मे महिना, डांबर वितळतंय, आणि आम्ही डोळे मिटून त्या पांढऱ्या तळ्यावरून चाललोय. हळूहळू. पाय जपत.

एकदा बाजाराला निघालेला देवणी जातीचा वळू दुकानासमोर थांबला. कान हलवत ऐकू लागला. मालक कासरा ओढतोय, हा हलेना. तिकडं संसदेत मात्र लोक उठून चाललेले.

शिवा म्हणाला, “बघा! मंत्री निघाले, वळू थांबून राहिलाय!”

* * *

आमचे रिटायर हेडमास्तर एका सत्कारात ‘वेळेचं महत्त्व’ या विषयावर बोलायला उभे राहिले. व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यातच अर्धी दुपार गेली. या पिढीनं आम्हाला दुसरं दिलंय काय, उपदेश आणि हारतुरे!

शेवटी मी मागून ओरडलो, “मिस्टर स्पीकर, टाइम!”

साउंड गफूरचा. त्यानं बटण फिरवून माइक बंद केला. मंडपात टाळ्यांचा कडकडाट! गुरुजींना वाटलं, आपल्यालाच. मग ते पुन्हा पहिल्यापासून बोलले. बिनमाइकचे!

* * *

बर्फाळेसाहेबांचं शेवटचं भाषण लागलं, तेव्हा दुकानात कुणी हललं नाही. आता ते निवडणूक लढवणार नव्हते. पूल झालाच नव्हता.

“मिस्टर स्पीकर,” शिवा हळू आवाजात सांगत होता, “कुणीतरी ऐकतंय असं समजून मी बोलत राहिलो.”

साहेबांच्या मागचे बाक रिकामे. गफूर हातातला पाना तसाच धरून म्हणाला, “हम सुने ना, साब!”

* * *

त्या संसदेतला एक नियम आहे. समोरच्याशी थेट बोलायचं नाही. जे काय असेल ते सभापतीला, म्हणजे स्पीकरला सांगायचं.

मी म्हटलं, “हे तर आमचं घर!” बाप म्हणणार, “त्याला म्हणावं, जेवून घे.” मी म्हणणार, “त्यांना म्हणावं, भूक न्हाई.” मधे माय.

मायला सांगितलं, तू स्पीकर हायेस. तिनं विचारलं, “मग मी काय बोलायचं?”

“काही न्हाई. नुसतं ऑर्डर, ऑर्डर.”

त्या रात्री ताटावर आमची सुरुवात होताच ती कडाडली, “आर्डर! भाकर गार हून राहिली!” बापानं तोंडाला तांब्या लावला. बराच वेळ काढला नाही.

* * *

मग माय माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला धर्माबादला गेली. घरात मी आणि बाप. स्पीकर नाही म्हणजे सभागृह बंद! दोन दिवस भांडीच वाजली.

तिसऱ्या दिवशी मी गफूरचा एक जुना बॉक्स आणून बरोबर मधे ठेवला, मायच्या जागेवर. बाप शेतातून आला. हातपाय धुतले, बसला. बॉक्सकडं बघत राहिला.

“स्पीकरसाहेब,” तो बॉक्सला म्हणाला, “त्याला इचारा, आज काय केलंय?”

“स्पीकरसाहेब, त्यांना सांगा, खिचडी.”

जेवलो. बापानं ताट सारलं. खाली बघत म्हणाला, “स्पीकरसाहेब, त्याला इचारा, लातूरला नेमकं काय झालं व्हतं?”

मी बॉक्सकडं बघतोय, बाप बॉक्सकडं बघतोय.

मग त्याला बॉक्सची वायर दिसली. नुसतीच लोंबत होती. तो उठला, धोतराला हात पुसले, पिन बोर्डात खोचली. बॉक्सवर बारका लाल दिवा लागला.

तो परत येऊन बसला.

“हं. आता बोल.”