गळ्यापर्यंत भरलेली बरणी
व्हिनेगरचा वास आला की मला आमच्या जिन्याखालची ती मोठी काचेची बरणी आठवते. पिंपळगावच्या द्राक्षांची बाबांनी घरी केलेली वाइन तिच्यात मुरत होती. आईच्या ऑपरेशनसाठी दोघं मुंबईला निघाले तेव्हा बाबा म्हणाले, "गळ्यापर्यंत भरलेली राहू दे. वर हवा राहिली की आंबते. आई घरी आली की उघडू." मी कॉलेजमधून दमून यायचे, बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून झाकणावर बसवलेल्या नळीतलं पाणी बघायचे आणि गारवा राहावा म्हणून फरशीवर ओलं पोतं टाकायचे. पण शेजारचे काका आईची चौकशी करायला येत आणि जाताना ग्लास पुढे करत. "थोडी चाखू दे गं. कशी झालीय ते बाबांना मीच फोनवर सांगतो." मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते मला कळायचं नाही. बरणी चार बोटं उतरली, तेव्हा मी माझ्या लहानपणच्या गोट्या उकळून एकेक करत आत सोडल्या. वाइन पुन्हा गळ्याशी आली, पण तोवर उशीर झाला होता. महिन्याने आई परतली आणि बाबांनी काकांनाही बोलावून बरणी उघडली. पहिला घोट घेऊन काकांनी तोंड वाकडं केलं. "पोरीने लक्षच दिलं नाही वाटतं." बाबांनी तळातल्या गोट्या पाहिल्या आणि शांतपणे म्हणाले, "पण तुम्ही तर मला चार वेळा फोनवर सांगितलंत, झकास होतेय म्हणून." आई खुर्चीतल्या खुर्चीत टाके धरून हसली. मला मात्र नुसती झोप आली. नाही म्हणायला मला अजूनही जमत नाही. घरात काही मुरत ठेवत नाही, इतकंच.