चौथ्या गाण्यातलं रडणं

“तीन गाणी पेन ड्राइव्हवर भरा. चौथं नको,” सुनंदाआक्का म्हणाल्या.

मी तेव्हा त्यांच्या टर्नटेबलचा बेल्ट बदलत होतो. बेल्ट म्हणजे मोटरचं फिरणं वरच्या थाळीपर्यंत पोचवणारा रबरी पट्टा. जुना पार लोंबला होता.

“चारी भरतो की आक्का. त्यात वेगळी मेहनत न्हाय.”

“मेहनतीचा प्रश्न न्हाय. चौथं नको म्हणजे नको.”

गिऱ्हाइकानं नको म्हटलं की गप्प बसावं, हा धंद्यातला साधा नियम. पण मला नको तिथं नाक खुपसायची खोड आहे. माझं दुकान बेळगावात खडेबाजाराच्या एका बोळात आहे. मी मूळचा येळ्ळूरचा. रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्त करता करता चाळीसहून जास्त वर्षं गेली. मधली बरीच वर्षं लोक टर्नटेबल भंगारात घालत होते, आता तीच माणसं शोधशोधून आणतात आणि माझ्याकडं येतात. यातली निम्मी कामं मी खोडीपायीच करतो, असं घरचे म्हणतात.

सुनंदाआक्का बोरगावच्या. हायस्कुलात कन्नड शिकवून रिटायर झालेल्या. मशीन चादरीत गुंडाळून गाडीतून आणलं होतं, सोबत एकच रेकॉर्ड. छोटी, ईपी म्हणतात ती. एका बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन. गाणारी त्यांची थोरली बहीण. तिनं बाविसाव्या वर्षी जैन दीक्षा घेतली आणि आर्यिका झाली, म्हणजे घरदार सोडून साध्वी. दीक्षेआधी वडिलांनी हौसेनं तिला कोल्हापूरला नेऊन चार भजनं रेकॉर्ड करून घेतली होती. गेल्या वर्षी त्या माताजींची समाधी झाली. आता गावच्या बस्तीत, आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात, वर्षाचा कार्यक्रम होता. तिथं त्यांचा आवाज लावायचा होता.

“माझ्या मशीनवर वाजवून भरू का? जास्त चांगलं येईल.”

“न्हाय. तिचा आवाज आमी ह्याच मशीनवर ऐकलाय. ह्याच्यावरनंच भरा.”

बेल्ट बसवला, वेग तपासला आणि रेकॉर्ड लावली. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आवाज मोकळा, सरळ, कुठं नखरा नाही. दुसरं गाणंही तसंच, फक्त शेवटी शेवटी जरा घोगरं झालं. उलट्या बाजूचं तिसरं परत स्वच्छ. ते संपताच आक्का सुईचा आर्म उचलायला उठल्या. मी म्हटलं, “ऱ्हाऊ द्या, बेल्ट शेवटपर्यंत बघायला लागतोय.” हे खोटं होतं. मला चौथं ऐकायचं होतं.

चौथं कन्नड पद होतं, चढ्या पट्टीतलं. पहिल्या कडव्यापर्यंत ठीक चाललं. मग वरच्या सुरावर आवाज फाटायला लागला. प्रत्येक ‘स’ला काहीतरी चिरल्यासारखं व्हायचं. शेवटच्या दोन ओळींत तर गळा दाटून आलेल्या माणसानं कसंबसं रेटावं तसं झालं. मलाही वाटलं, ही मुलगी रडतेय.

आक्कांनी खाली बघितलं होतं. मी चहा सांगितला. चहा आल्यावर त्यांनीच सुरुवात केली.

“आमची दोघींची एकच खोली. ती दीक्षा घेणार हे घरात सगळ्यांस्नी ठाऊक, मलाच शेवटी कळलं. कोल्हापूरला निघायच्या दिवशी सकाळी मी तिला लई टाकून बोलले. म्हटलं, जातीस तर जा, मला बहीण नव्हतीच असं समजते. ती काय बोलली न्हाय. गाडीत बसली. तिथं जाऊन तीन गाणी म्हटली आणि चौथ्याला रडली. ते अख्ख्या गावासमोर लावू? दीक्षेला निघालेली मुलगी रडली म्हणून? आणि रडवली कुणी, तर मी.”

“त्यांना कधी विचारलं न्हाय?”

“आर्यिकेला काय विचारणार अण्णा? चातुर्मासाला निपाणीत असायच्या तेव्हा मी आहार द्यायला जायची. हात जोडून उभी ऱ्हायची. आणि विचारायचं कशाला? उत्तर रेकॉर्डवर होतंच की.”

माझ्यासारख्यानं इथं दोन शब्द धीराचे बोलायला हवे होते. पण माझं डोकं दुसऱ्या गाण्याच्या शेवटाशी अडकलं होतं.

“आक्का, दुसऱ्या गाण्यालाबी शेवटी आवाज बसलाय.”

“दमली असंल.”

“मग तिसऱ्याला कसा सुटला?”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. वर्गात एखाद्या पोरानं पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारल्यावर बघतात तसं.

“रेकॉर्ड किती वेळा वाजली असंल?”

“वर्षातनं एकदा. दीक्षेच्या दिवशी. एरवी कपाटात.”

म्हणजे झिजलेली नव्हती. मी फळीवरून माझी एक ईपी काढली. कुणा नाट्यगीतवाल्या बुवांची होती, आवाज पहाडी. आक्कांच्या मशीनवर लावली. पहिलं गाणं खणखणीत. दुसरं निम्म्यावर आलं आणि बुवांचा गळा दाटून आला. शेवटच्या तानेला तर ते हमसायलाच लागले.

“ह्यो बी रडतोय?” आक्का म्हणाल्या.

“तुमच्या मशीनवर सगळीच रडत्यात आक्का. दुसऱ्या गाण्याला.”

त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढली आणि चष्मा लावला. “सांगा कसं ते,” म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो. रेकॉर्डवरचे घेरे, म्हणजे सुई ज्यातनं फिरते त्या बारीक चऱ्या, कापणारं यंत्र कडेपासून मध्याकडं सरळ रेषेत सरकतं. घरच्या मशीनचा आर्म मात्र एका टोकाला खिळलेला असतो, त्यामुळं तो खुंटीला बांधलेल्या जनावरासारखा गोलातच फिरतो. सरळ कापलेल्या घेऱ्यात गोल फिरणारी सुई चालवायची म्हणजे ती थोडीफार तिरकी होणारच. ते तिरकेपण कमीत कमी राहील अशा जागी कार्ट्रिज बसवणं ही सगळी गोम. कार्ट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाची ती लहानशी डबी, जिच्यात सुई असते. ती मागं-पुढं सरकवता यावी म्हणून वरच्या पट्टीला दोन लांब खाचा ठेवलेल्या असतात. काही मिलिमीटरचा खेळ. तेवढं चुकलं तर बाहेरच्या मोठ्या घेऱ्यांत फारसं कळत नाही. आतल्या लहान घेऱ्यांत मात्र सगळा आवाज दाटीवाटीनं बसवलेला असतो. तिथं तिरकी सुई वळणं नीट घेत नाही, खरडत जाते. उंच सूर फाटतात आणि ‘स’ चिरतो.

“म्हणजे शेवटचं गाणं,” आक्का म्हणाल्या.

“दोन्ही बाजूचं.”

भिंग लावून बघितलं. कार्ट्रिज खाचांच्या अगदी मागच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसावं तसं बसवलेलं. असायला हवं त्याच्या चांगलं पाच मिलिमीटर मागं. मी मनात म्हटलं, कुठल्या गाढवानं जोडलंय हे. स्क्रू फिरवायला गेलो, तर दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावर मोरपंखी रंगाचा एकेक वाळका थेंब.

माझा हात तिथंच थांबला.

स्क्रू ढिला होऊ नये म्हणून त्याच्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायची पद्धत आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडं वहिनीची एक बाटली होती. मोरपंखी. तिनं एकदाच बोटांना लावली, आरशात बघितलं आणि मला देऊन टाकली. असला रंग बेळगावात दुसरा कुणी मेकॅनिक वापरणं शक्यच नव्हतं.

मग सगळं आठवलं. मी याच बाजारात दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो. निपाणीकडच्या एका गिऱ्हाइकानं आखातातल्या पाहुण्याकडून आलेलं जपानी मशीन आणलं होतं, कार्ट्रिज वेगळ्या डबीत. तसलं मशीन मी पहिल्यांदाच बघत होतो. खोक्यात ठिपके आणि रेघा छापलेला एक कागद होता. मी मालकांना विचारलं, ह्यो कशाला? मालक म्हणाले, “कागद वाचून कोण मेकॅनिक होत न्हाय रं. घट्ट बसव आणि वाजवून दाव.” मी कार्ट्रिज मागं रेटून घट्ट बसवलं. पहिलं गाणं वाजवलं. गिऱ्हाइकानं मान डोलवली. तो कागद मी चहाच्या ग्लासाखाली घातला.

गिऱ्हाईक म्हणजे आक्कांचे वडील असणार.

बाजूला थिनरची बाटली होती. एका बोळ्यानं दोन्ही थेंब पुसले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. मी बोळा हातात घेतलासुद्धा. थेंब पुसावेच लागले, कारण त्याशिवाय स्क्रू फिरत नव्हते. पण बोलायचं काय, हे ठरत नव्हतं. आधी काम करू, मग बघू, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

नवी सुई घातली. प्रोट्रॅक्टर काढला. हा म्हणजे तोच ठिपक्यांचा कागद, आता जाड कार्डावर छापलेला. मधल्या खुंटीत अडकवायचा आणि सुई त्याच्यावरच्या एका ठिपक्यावर टेकवायची. त्या जागी कार्ट्रिजची बाजू छापील रेघांना समांतर दिसली पाहिजे. मग दुसरा ठिपका, तिथंही तेच. पहिला जुळला की दुसरा बिघडतो. दुसरा जुळवला की पहिला हलतो. दोन्ही जुळले की स्क्रू आवळताना सगळंच केसभर सरकतं आणि पुन्हा पहिल्यापासून. आक्का वाकून बघत होत्या.

“दोन ठिपक्यांवर बरोबर आलं. मधल्या जागेत?”

“मधे थोडं चुकतंयच. पण कानाला कळत न्हाय.”

“म्हणजे पूर्ण बरोबर दोनच ठिकाणी.”

“व्हय. घरच्या मशीनला तेवढंच मिळतंय.”

तास गेला. आधी बुवांना वाजवलं. बुवा शेवटपर्यंत ठणठणीत राहिले. मग मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि चौथं गाणं लावलं.

पहिलं कडवं. मग तो वरचा सूर. तो आला आणि सरळ उभा राहिला. त्याच्याआधी तिनं घेतलेला श्वास ऐकू आला, तो आधी कधी ऐकू येत नव्हता. ‘स’ सगळे जागेवर. किंचित खरखर राहिली, ती इतकी वर्षं तिरकी सुई फिरल्याची. शेवटच्या दोन ओळी तिनं अशा म्हटल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, अजून चार गाणी म्हणायला सांगितली तरी हिची तयारी आहे.

“रडली न्हाय,” आक्का म्हणाल्या.

“न्हाय.”

मला वाटलं, आता त्यांचं ओझं उतरेल, त्या हसतील. त्या म्हणाल्या, “मी एवढं बोलले, त्याचं तिला काईच वाटलं न्हाय?”

मला माझी लाज वाटली. मी एक चूक काढून दिली होती, पण त्या चुकीला धरून ही बाई आयुष्य काढत आली होती. आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी थिनरचा बोळा त्यांच्यापुढं धरला. त्याला मोरपंखी डाग होता.

“आक्का, हे मशीन मीच जोडलेलं. तुमच्या वडलांनी आणलतं. मला यायचं न्हाय, तरी जोडलं. मी जोडलं म्हणून तुमची बहीण रडली.”

त्यांनी बोळा हातात घेतला, बघितला आणि टेबलावर ठेवला. आता रागावतील असं वाटत होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“निपाणीत एवढी जवळ बसलेली असायची,” त्या म्हणाल्या. “विचारलं असतं तर हसली असती. ती लई हसायची.”

“चूक माझी हाय आक्का.”

“तुमी डबी वाकडी बसवली. विचारलं न्हाय ते मी.” त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “चारी भरा.”

मी चारही भरली. कार्यक्रम झाल्यावर त्यांचा फोन आला. बस्तीत लोकांनी चौथं पुन्हा लावायला सांगितलं होतं. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, हे गाणं एवढी वर्षं तुम्ही का लपवून ठेवलं? आक्का काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला. कार्ट्रिज जोडून झालं की मी गिऱ्हाइकापुढं रेकॉर्डचं शेवटचं गाणं लावतो. पहिलं कुठल्याही मशीनवर बरं वाजतं. काही जण कंटाळतात, घड्याळ बघतात, द्या हो बांधून म्हणतात. मी त्यांना हाताला धरून बसवतो.