मायनं दिलेली बासी

माझी माय कुंताबाई, एकोडीची. धानाच्या रोवणीला बायांच्या टोळीत तिच्यासारखी चपळ दुसरी नव्हती. सकाळी तिला बासी लागायची. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी जरा आंबट झाला की मीठ-कांदा घालून खायचा. सोबत जवसाची चटणी. मी शिकलो, नोकरीला लागलो आणि तिला नावं ठेवू लागलो. "माय, शिळं काहून खातेस?"

मग एकदा मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. बासीतले जिवाणू पोटाला चांगले. भाताचा जो भाग पचत नाही, तो आतड्यातले जिवाणू खातात, त्यातून मेदाम्लं बनतात, त्यांच्यावर आतड्याचं अस्तर पोसतं, रोगाशी लढायची ताकद वाढते. मी मोठा शहाणा! लगेच मायला दाखवला. "पाय, मी म्हणत होती ना!" ती केवढी खूश झाली.

त्याच वर्षी बाबांना रक्ताचा कर्करोग निघाला. औषधांनी पांढऱ्या पेशी पार खाली आल्या. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ताजं आणि गरमच द्या. बाबांच्या तोंडाला चव नव्हती. घरी आल्यावर ते म्हणाले, "कुंता, थोडीशी बासी दे ना वं."

मायनं दिली. व्हिडिओत सांगितलेली ताकद येईल म्हणून तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी बाबा तापानं फणफणले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? बाबा धापा टाकत म्हणाले, "ताजंच. कुंता दुसरं देतच नाही."

"खोटं बोलून राहिले ते," माय म्हणाली. "मीनं बासी देली. माह्या हातानं."

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, धडधाकट माणसाला जे जिवाणू पोसतात, तेच पांढऱ्या पेशी संपलेल्या माणसाच्या आतड्यातून रक्तात शिरू शकतात. बासीमुळेच झालं असं खात्रीनं सांगता येत नाही. त्यांनी औषध बदललं. पण भरती केल्याच्या पाचव्या दिवशी बाबा गेले.

तेरवीला रत्नमाला आत्या सगळ्यांसमोर मायवर कडाडली. "माह्या भावाले काय खाऊ घातलं वं! घरात एवढा शिकलेला पोरगा, त्याले तरी विचारायचं होतं!"

मायनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "माह्याच मनानं देली."

मी तिथंच उभा होतो. मायला दाखवलेला तो व्हिडिओ अजून माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये होता.