डोळ्यावरचं कुंकू

मोबाईल म्हणजे खिशातला फोन, हे ठरण्याआधीची गोष्ट. आमच्या लेखी मोबाईल म्हणजे स्वतःच्या चाकांवर स्वतःची वाट शोधत फिरणारं यंत्र. ते शिकवणारं डोंबिवलीत कुणी नव्हतं. कुणाच्या तरी इंजिनिअर भावाकडून अशा 'मोबाईल रोबो'वरच्या एका परदेशी पुस्तकाची झेरॉक्स मिळाली, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. आकृत्या इतक्या काळ्या की चाक कुठलं नि सावली कुठली, कळू नये. आम्ही तिघा मित्रांनी तिचे गठ्ठे वाटून घेतले आणि रविवारी अदलाबदल करायचो. विठ्ठलवाडीचा मित्र समासात उत्तरं लिहून ठेवायचा, बहुतेक चुकीची. दिवा गावातला दुसरा नळाच्या रांगेत बसून वाचायचा, त्याची पानं फुगून यायची. पुढे एकाचं लग्न झालं, दुसरा आखातात गेला आणि सगळे गठ्ठे माझ्याकडे आले.

मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आयटीआयवाला, म्हणजे डिग्रीवाल्यांच्या टेबलासमोर उभं राहून बोलायचं. तिथे ऑटोमेशनचा नवा विभाग निघणार होता आणि मला त्यात जायचं होतं. दुसरं काही नको होतं. म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरी काढून एक गाडी बनवली. तिला पुढे, जमिनीकडे वाकलेले दोन काचेचे डोळे. जमिनीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून ती चालायची. उजव्या डोळ्याला काळं दिसलं की उजवीकडे वळायचं, डाव्याला दिसलं की डावीकडे. एवढं साधं. ते जमेपर्यंत घरच्यांनी मला वेड्यात काढलेलं होतं.

गाडी दाखवू का विचारलं, तर कारखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "खंडेनवमीला आण. मशिनं बंद असतात, निवांत बघू."

खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून उभी होती. पूजेचा मान साहेबांच्या पत्नीचा. त्या तबक घेऊन एकेका मशिनला हळदकुंकू लावत माझ्या गाडीपाशी आल्या.

"अय्या, डोळे आहेत की हिला!" म्हणाल्या आणि ओल्या कुंकवाचं बोट उजव्या डोळ्याकडे नेलं.

"मॅडम, तिथे नको."

फोरमनने मला कोपर मारलं. "ए, गप ना! मॅडमना शिकवतो काय?"

कुंकू लागलं. वर अक्षता पडल्या. पुसायला हात पुढे केला, तर चारजण ओरडले, "अरे, पूजेचं पुसतात का?" आणि साहेब म्हणाले, "हां, चालव."

उजव्या डोळ्याला अंधार झाला होता. गाडी उजवीकडे वळली, आणखी वळली, मग स्वतःभोवतीच फिरत राहिली. "प्रदक्षिणा घालतेय!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा कारखाना हसला. मी कारण सांगत होतो, पण हसण्यात कोण ऐकतो? साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुस्तकं वाचून मशिनं होत नसतात रे." त्या हाताचा मला आजही राग येतो.

नव्या विभागात डिग्रीवाले घेतले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खरंच आहे. काही वर्षांनी तिथे परदेशातून एक गाडी आली. ड्रम वाहून नेणारी, जमिनीवरच्या पट्टीवरून चालणारी. पट्टी चिकटवायचं काम मला दिलं. अनुभव होता ना.

पुन्हा खंडेनवमी आली. मॅडमचं बोट त्या गाडीच्या डोळ्याकडे गेलं आणि गाडीबरोबर आलेल्या टायवाल्या इंजिनिअरने हात आडवा धरला. "मॅडम, तिथे नको."

"सॉरी हं," त्या म्हणाल्या आणि कुंकू बाजूच्या पत्र्याला लावलं. साहेबांनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावून समजावलं, की डोळा झाकला तर यंत्राला वाट सापडत नाही.

फोरमनने मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस ना? शिक जरा."