शिक्का नंबर सतरा

कासारवाडीच्या भीमराज ओव्हाळांनी भोसरीच्या एका कंपनीत चौतीस वर्षं माल तपासला आणि निवृत्त झाल्यावर घर तपासायला घेतलं. पोळीची जाडी, कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर, सुनेच्या हातचं मीठ. शेवटी चिमाबाईंनी नवऱ्याला गच्चीवर पिटाळलं. "काय मोजायचं ते वर जाऊन मोजा."

वर त्यांनी भंगारातले ॲक्रिलिकचे पत्रे आणि शेडनेट जोडून हरितगृह उभं केलं नि त्यात स्लिपर ऑर्किडं लावली. या फुलाची एक पाकळी चपलेच्या पुढच्या भागासारखी फुगीर असते, म्हणून हे नाव. घरात माणसांना पंखा आणि गच्चीवर ऑर्किडांना कूलर. सून पिंकी माहेरी सांगायची, "आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्यांना कुंड्यांमध्ये बसवतात."

प्रत्येक कुंडीला लेबल आणि लेबलावर शिक्का: 'तपासले १७'. कंपनीचा शिक्का जमा करावा लागला होता. हा त्यांनी स्टेशनजवळ हुबेहूब करून घेतलेला. ओळख पटल्याशिवाय तो उमटत नसे. तोवर पिवळं लेबल: 'थांबवले'.

पिवळं लेबल लावून सहा वर्षं थांबलेलं एकच झाड होतं, आणि त्यात बबनरावांचा हात होता. बबनराव त्यांचे मोशीचे दोस्त. जमिनीचे प्लॉट झाले, बंगला झाला, आणि भीमराजांचं बघून ऑर्किडांचाही नाद लागला. दोघांनी एकाच नर्सरीतून झाडं आणली आणि येताना बबनरावांनी जीपची काच खाली केली. भीमराजांच्या एका झाडाचं लेबल उडालं ते थेट नाशिक रोडवर.

"त्यो कॅलोसम हाय, माझ्या झाडावाणीच," बबनराव म्हणाले.

"बार्बेटम आहे," भीमराज म्हणाले.

दोन्ही जातींची पानं सारखीच चट्ट्यापट्ट्यांची. फूल आलं की वरच्या पाकळीची रुंदी मोजायची: रुंद तर कॅलोसम, अरुंद तर बार्बेटम. बबनरावांनी डिवचलं, "कॅलोसम निघालं तर तुझा शिक्का माझा."

"दिला! आणि बार्बेटम निघालं तर मला चारचौघांत साहेब म्हणायचं."

"तुला? साहेब? बरं, म्हनतो!"

सहा वर्षांनी, ऐन वैशाख पौर्णिमेच्या सकाळी, फूल उमललं. भीमराजांनी त्याला हातही लावला नाही. साक्षीदाराशिवाय तपासणी कसली? ते स्कूटर काढून मोशीला गेले, बबनरावांना मागे बसवून आणलं. दोघं धापा टाकत गच्चीवर पोचले, तर कुंडीत नुसता दांडा.

खाली बुद्धमूर्तीपुढे चिमाबाईंनी थाळीत फुलं मांडली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या. मोगऱ्याच्या मधोमध ते फूल ऐटीत बसलेलं. पांढऱ्या साड्यांतल्या सात-आठ बाया वंदनेला जमलेल्या.

"अगं, ते फूल!"

"सहा वर्षांनी आलं, तेही आजच्या दिवशी. मग कुणाला वाहायचं? तुमच्या पट्टीला?"

बबनराव दारातून वाकून बघत म्हणाले, "वैनी, देवापुढं चप्पल ठिवली का काय?"

"भावजी, देव नव्हे, भगवान बुद्ध. आणि ही चप्पल राहू द्या, तुमची दाराबाहेर काढा."

बाया खुदकन हसल्या. वाहिलेलं फूल आता उचलायचं कसं? भीमराज मुकाट्याने पहिल्या रांगेत जाऊन बसले. वंदना तीन प्रणामांनी सुरू होते. पहिल्या प्रणामाला ते वाकले ते नाक फुलाला टेकेपर्यंत, आणि जोडलेल्या हातांतून हळूच कंपनीच्या सवयीचं बारीक मापाचं साधन, व्हर्नियर, बाहेर आला. दुसऱ्या प्रणामाला दुसरं माप, तिसऱ्याला तिसरं. बाकीच्या कधीच्या उठून बसल्या, तरी हे वाकलेलेच. शालनबाई चिमाबाईंच्या कानात कुजबुजल्या, "किती श्रद्धा गं!"

"चष्मा विसरलेत," चिमाबाई म्हणाल्या.

तिन्ही मापं तंतोतंत सारखी आली. पाकळी रुंद. कॅलोसम!

मग पंचशील सुरू झालं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील म्हणताना भीमराजांचा आवाज जरा बसला.

खिरीची वाटी हातात घेऊन बबनरावांनी विचारलं, "काय निघालं रं?"

बबनरावांना व्हर्नियर वाचता येत नव्हता. बार्बेटम म्हटलं असतं तर विषय संपला असता. भीमराजांनी तोंड उघडलं. समोर चिमाबाई खिरीचा डाव धरून उभ्या होत्या.

"कॅलोसम," ते म्हणाले आणि खिशातून शिक्का काढून दिला.

आठवडाभर बबनराव शिक्के मारत सुटले. बेचाळीस कुंड्या झाल्या, दुधाची पिशवी झाली, नातवाची वही झाली. रविवारी भीमराज बघायला गेले आणि एका कुंडीशी खिळले. चौतीस वर्षांत सतरा नंबरखाली वाकडा नटसुद्धा बाहेर गेला नव्हता.

"बबनराव, यात नुसतं गवत आहे."

"शिक्का हाय की त्यावर!"

"म्हणून तर रडू येतंय."

बबनरावांनी खाली वाकून बघितलं, उपटून बघितलं. गवतच. "घे बाबा तुझा शिक्का."

"हरलोय. घेणार नाही." भीमराजांनी खिशातून पिवळ्या लेबलांचा गठ्ठा काढला आणि बेचाळीस कुंड्यांवर 'थांबवले' लावलं. मग पहिल्या कुंडीपुढे उकिडवे बसून भिंग डोळ्याला लावलं.

बबनरावांच्या अंबूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचे यजमान शिक्क्यावर फुंकर मारत अदबीने उभे होते.

"मारू का, साहेब?"